गार्दरॉबची कार्डं

पुणे, १२ ऑगस्ट १९९६

मैथिली,

आशीर्वाद गृहीत धर. दर पत्रात लिहून शाई कशाला घालवू?

तुझं चार पानी पत्र मिळालं. त्यात तीन पानं रास अल खैमाचा उकाडा आणि एक पान विजयकुमारच्या कारखान्यातली नवी भट्टी. जावयाने फरश्या भाजाव्यात, माझं काही म्हणणं नाही. लोकांच्या न्हाणीघरांना कुणीतरी फरश्या पुरवायलाच हव्यात. पण फ्रेंचचं एम. ए. अर्ध्यावर टाकून लग्न करून गेलेल्या मुलीने मला त्या भट्टीचं तापमान कळवावं, याची लाज वाटली. तुझी आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तेव्हापासून तुला इथे वाढवली ती यासाठी नव्हे.

कामाचं बोलतो. निवृत्त झाल्यापासून मी एका शब्दावर पुस्तक लिहितो आहे. एकाच. गार्दरॉब. 'गार्द' म्हणजे राखणं, 'रॉब' म्हणजे वस्त्र. हा शब्द फ्रान्समधून निघून युरोपभर हिंडला आणि जो तो आपल्या मगदुराप्रमाणे त्याला वापरत गेला. इंग्रजांचा वॉर्डरोब तुला ठाऊक आहे. त्याच इंग्रजांच्या जुन्या किल्ल्यांत गार्डरोब म्हणजे शौचकूप, हे ठाऊक नसणार. ग्रंथ मला इथे मिळतात, बोलणारी माणसं मिळत नाहीत. तुझ्या त्या वाळूत मात्र अर्धा युरोप पगारासाठी येऊन पडलाय, असं तूच लिहितेस. तर त्यांना विचार.

एका कार्डावर एकच अर्थ. शब्द, भाषा, अर्थ, बोलणाऱ्याच्या तोंडचं एक वाक्य, त्याचं नाव, गाव, तारीख, आणि खाली तुझी सही. गावाशिवाय आलेलं कार्ड मी केरात टाकीन. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर माझ्या नावाखाली 'सहसंपादन : मैथिली उपळेकर' असं घालीन. तुझ्या अर्धवट शिक्षणाचं तेवढं तरी सार्थक होईल.

चारुदत्त मामा


रास अल खैमा, ३ सप्टेंबर १९९६

तीर्थरूप मामांस,

नमस्कार, तोही तुमच्या शाईइतक्याच काटकसरीने.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा वाचून कार्डं कापायला बसले. सोबत नऊ पाठवते.

आमच्या बिल्डिंगखाली वलीभाईंची लाँड्री आहे. काउंटरवर त्यांची बायको नूरजहाँ बसते, हर्णैची. माझी इथली एकमेव मैत्रीण. भट्टी बसवायला आलेले इटालियन, सिमेंट फॅक्टरीतले जर्मन, सगळ्यांचे शर्ट तिच्याकडे येतात. तिला तुमचं काम समजावलं तर म्हणाली, त्यात काय, पावती द्यायच्या आधी विचारीन की तुमच्यात कपडे ठेवतात त्याला काय बोलतात. आता कुणी तो शब्द बोलला की ती जिन्यातून हाक मारते, "मैथिली, आला गो तुझा गोरा!" आणि मी हातातलं लाटणं टाकून खाली पळते. कार्डंसुद्धा तिचीच आहेत, शर्टाच्या घडीत घालतात त्या पुठ्ठ्याची.

इटालियन लोकांचा ग्वार्दारोबा म्हणजे कपाटही आणि त्यातले कपडेही. जर्मनांचं तर विचारू नका. त्यांच्या नाटकगृहात कोट टांगायची जागा म्हणजे गार्देरोबं, आणि तिथे पाटी असते की तुमच्या कपड्यांची जबाबदारी आमची नाही. शब्दातच राखण आणि पाटीवर कानावर हात! इथे सप्टेंबरातही घामाच्या धारा लागतात, त्यात मी लोकांना कोट कुठे टांगता म्हणून विचारत फिरते. निखिल मित्रांसमोर म्हणाला, "ममी, धिस इज सो एम्बॅरसिंग." महाराष्ट्र मंडळातल्या बायका विचारतात, याचे किती दिरहम मिळतात. मिळत नाहीत म्हटलं की त्यांचा रस खलास. त्यांच्याशी बोलण्यापेक्षा पुठ्ठे कापलेले बरे.

एक सरळ लिहिते. मुखपृष्ठावरचं ते नाव मला हवं आहे. माझ्या व्हिसावर धंदा म्हणून 'हाउसवाइफ' छापलंय. माझं नाव दुसरीकडे कुठेही छापलेलं नाही.

मैथिली


पुणे, ९ ऑक्टोबर १९९६

मैथिली,

नऊपैकी सात कार्डं ठेवली. दोघांनी गावाच्या जागी 'मिलानच्या जवळ' असं सांगितलं आणि तू ते तसंच लिहिलंस. मिलानच्या जवळ काय, सबंध इटली आहे. कार्डांना खळीचा वास येतो. त्या लाँड्रीवाल्या बाईच्या हर्णैच्या मराठीत मला रस नाही, तेव्हा तिच्या हाका पत्रात उतरवू नकोस.

ती जर्मन पाटी मला ठाऊक होती. तरी बरं लिहिलंस. फ्रेंच वैद्यांच्या जुन्या भाषेत 'गार्दरॉबला जाणं' म्हणजे शौचाला जाणं. हे इथल्या आमच्या भाषाप्रेमी मित्रमंडळाला सांगितलं तेव्हा एका सद्गृहस्थाने नाकाला रुमाल लावला. असल्या लोकांच्या गावात मी कोश करतो आहे.

कार्डांच्या खणांसाठी तुझी खोली रिकामी केली. तुझ्या वह्या रद्दीत दिल्या, पलंग कामवाल्या बाईला दिला. तुला आता काय करायचा होता?

मामा


रास अल खैमा, २० मार्च १९९७

तीर्थरूप मामांस,

सोबत एकसष्ट कार्डं. सगळ्यांना गाव आहे.

सर्बियन नर्स म्हणाली, त्यांच्या स्टेशनावर प्रवासी बॅगा ठेवून गावात जातात ती जागा म्हणजे गार्देरोबा. बल्गेरियाचा एक फिटर म्हणाला, आमच्यातही तेच. स्वीडिश बाईंचं ते भिंतीतलं कपाट, पोलिश नटीची ती तोंड रंगवायची खोली. ही नटी खरोखरची नटी होती, आता दुबईत एका हॉटेलच्या रिसेप्शनवर असते आणि वीकएंडला इथे समुद्रावर येते. रशियन बायका शारजात पोत्यांनी फरकोट विकत घेतात. त्यांच्याकडे शाळेतसुद्धा कोट काढून दिल्याशिवाय आत सोडत नाहीत, त्या जागेला गार्देरोब. टर्किश न्हाव्याचं ते नुसतं लाकडी कपाट. त्याने लग्नात मिळालेल्या कपाटाचं इतकं वर्णन केलं की विजयचे केस अर्धेच कापून झाले होते.

मामा, मला यात फार मजा येतेय. इतकी वर्षं डोक्याला गंज चढला होता.

वह्यांचं वाचलं. त्यात माझ्या प्रबंधाची टिपणं होती. विचारायचं तरी. पलंग दिलात ते ठीक. मी आले की कुठे झोपायचं, तेवढं कळवा.

मैथिली


पुणे, २ जून १९९८

मैथिली,

आलीस की हॉलमध्ये गादी टाकू. तू काय दर महिन्याला येतेस?

माझी ग्रंथांतली धरून दोनशेवर कार्डं झाली, पुस्तक उभं राहिलं, पण शेवट लुळा आहे. सगळ्या युरोपने या शब्दाला काय दिलं? कोट, कपाट, बॅग, शौचकूप. मायेचा अर्थ कुठे नाही. असा एक जरी सापडला तरी पुस्तक कुठल्या कुठे जाईल. अल्बानियन एकही कार्ड नाही. डोंगराळ देश आहे, तिथे शब्द जुने राहतात. तुझ्या गावात बंदरावर एक अल्बानियन क्रेनवाला आहे असं तू जानेवारीत लिहिलंस आणि मग गप्प. पाच महिने एका माणसाला गाठता येत नाही? तुझ्या जागी मी पुण्यातला कुठलाही पोरगा बसवला असता तर त्याने एव्हाना त्याची वंशावळ आणली असती.

मुखपृष्ठावरच्या नावाचं : प्रकाशक म्हणतो, दोन नावांनी मुखपृष्ठ बिघडतं. तेव्हा तुझं नाव प्रस्तावनेत. तेही अल्बानियन आलं तर. नाहीतर तुझ्या कामाला अर्धवट म्हणावं लागेल, आणि अर्धवट कामाची तुला सवय आहेच.

मामा


रास अल खैमा, १७ ऑगस्ट १९९८

तीर्थरूप मामांस,

सोबत एक कार्ड.

शब्द : गार्देरॉब. भाषा : अल्बानियन, उत्तरेच्या डोंगरातली बोली. अर्थ : लग्न होऊन गेलेल्या मुलीची माहेरी राखून ठेवलेली खोली. तिचे रोजचे कपडे खुंटीवर तसेच ठेवतात आणि ती खोली दुसऱ्या कुणाला देत नाहीत. वाक्य : 'माझ्या बहिणीचं गार्देरॉब आहे, तिथे पाहुण्याला झोपवत नाहीत.' बोलणारा : पेत्रित, क्रेनचालक. गाव : लुनेरा.

मुलांच्या शाळा सुरू होतायत, अधिक लिहीत नाही.

मैथिली


पुणे, ४ सप्टेंबर १९९८

मैथिली,

कार्ड मिळालं. रात्री झोप लागली नाही.

एवढा मोठा युरोप, आणि माया राहिली ती एका डोंगरातल्या खेड्यात! लेक गेली तरी तिची वस्त्रं राखायची, खोली राखायची. शब्दातली खरी राखण ती ही. शेवटचं प्रकरण संपूर्ण नव्याने लिहिलं, तेरा पानं. तुझ्या पूर्वीच्या खोलीतच बसून लिहिलं, तिथे आता खणांमुळे शांतता असते. परवा मित्रमंडळात वाचलं तेव्हा ज्याने नाकाला रुमाल लावला होता त्याने तो डोळ्यांना लावला. आपल्या लोकांकडे असली रीत नाही याची खंत मी त्या प्रकरणात केली आहे.

पेत्रितसारख्या अडाणी माणसाच्या तोंडून हे आलं, आणि तुझ्यासारखीने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं, हे बरं झालं. हुशार माणसाने त्यात आपलं काहीतरी घातलं असतं.

प्रस्तावना लांबली आहे. तुझा उल्लेख 'आखातातील स्नेही' यात येईल. नावांच्या याद्या वाईट दिसतात.

मामा


रास अल खैमा, १ नोव्हेंबर १९९८

मामा,

पुस्तक छापायला जायच्या आधी हे पत्र तुमच्या हातात पडू दे.

ते कार्ड खोटं आहे. पेत्रित मी बंदरावर जायच्या आधीच नोकरी सोडून ग्रीसला गेला होता. मी त्याला कधी पाहिलं नाही. तुमचं जूनचं पत्र आलं, 'अर्धवट' हा शब्द वाचला आणि डोकं फिरलं. त्याच पत्रातून तुमचा डोंगर घेतला आणि अर्थ मी रचला. लुनेरा नावाचं गाव नाही. लुनेरा ही विजयच्या कंपनीची बाथरूमची फरशी आहे, फिकट निळी.

तुम्हाला पडताळायचं असेल तर ते कार्ड हातात घ्या. बाकीची सगळी लाँड्रीच्या पुठ्ठ्याची आहेत. हे एकच फरश्यांच्या नमुन्याच्या खोक्यातून कापलंय, कारण ते मी वर घरी बसून लिहिलं. त्यावर माझी सहीही नाही. सही करायला हात धजला नाही. प्रत्येक कार्डाची नक्कल मी ठेवते; या कार्डाची नूरजहाँने पाहिली तेव्हा म्हणाली, "हा गोरा कदी आला होता? मी तर नाय बगला." मग म्हणाली की एकशे त्र्याऐंशी कार्डांसाठी मी गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, त्यात तू हे घातलंस, आता त्या बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवील. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

अर्थ कुठून आला ते तुम्ही ओळखायला हवं होतं. ज्या खोलीत बसून तुम्ही ती तेरा पानं लिहिलीत, तिथून आला. तुम्हाला डोंगरातल्या अनोळखी बहिणीची खोली दिसली. तुमच्या खणांखाली माझी होती ती दिसली नाही.

प्रकरण काढून टाका. प्रस्तावनेतून मला काढलंत तरी चालेल. पण एकशे त्र्याऐंशी खरी कार्डं आहेत, ती तरी जपा.

मैथिली


पुणे, १९ नोव्हेंबर १९९८

मैथिली,

तुझं पत्र वाचून करमणूक झाली.

खोटं रचायलाही बुद्धी लागते. त्या अर्थात जी करुणा आहे, जी भाषेची जाण आहे, ती तुझ्यात असती तर तू एम. ए. सोडून फरशीवाल्याच्या मागे गेली नसतीस. सरळ आहे : नाव मिळत नाही म्हटल्यावर आता तू तो अर्थच आपला म्हणून सांगते आहेस. उद्या सबंध पुस्तक तू लिहिलंस म्हणशील. गाव नकाशात नसेल, खेडी नसतातच. पुठ्ठ्यांचे रंग बघत बसायला मी रद्दीवाला नाही. आणि सही विसरणं हा तुझा नेहमीचाच गबाळेपणा.

खोलीबद्दल जे लिहिलंस ते मी न वाचल्यासारखं करतो. आश्रिताने हिशेब मागू नये.

पुस्तक छापायला गेलं.

चारुदत्त


पुणे, ८ फेब्रुवारी २००१

मैथिली,

तू सव्वादोन वर्षं पत्र लिहिलं नाहीस. पुस्तक पाठवलं त्याची पोचसुद्धा नाही. पण आता लिहावं लागतंय.

मुंबईच्या एका प्राध्यापिकाबाईंनी एका त्रैमासिकात माझ्या पुस्तकावर आठ पानं खरडली आहेत. आधीच्या प्रकरणांची तोंड फाटेपर्यंत स्तुती, आणि शेवटच्याचे वाभाडे. त्यांचा कोणी स्नेही तिराना शहरात आहे. त्याने शोध घेतला. लुनेरा नाही, तो अर्थ नाही, तशी रीतही नाही. तिकडेही गार्देरॉब म्हणजे कपाटच. मित्रमंडळात परवा मी आत गेलो आणि सगळे गप्प झाले. रुमालवाला हसत होता.

माझ्या चाळीस वर्षांच्या अध्यापनाला तू डाग लावलास. मी भोळेपणाने विश्वास ठेवला, दुसरं काय. शिल्लक प्रतींत आणि ग्रंथालयांना पाठवायला शुद्धिपत्र छापून घेतलं आहे. तुझ्या माहितीसाठी एक सोबत जोडतो :

'पृष्ठे ११४ ते १२६ रद्द समजावीत. या पृष्ठांतील नोंद सौ. मैथिली विजयकुमार उपळेकर, रास अल खैमा, संयुक्त अरब अमिराती, यांनी पाठवलेल्या बनावट कार्डावर आधारलेली आहे. लेखकाचा यात दोष नाही.'

पोस्ट बॉक्सचा नंबरही घातला आहे. लोकांना विचारायचं ते तुला विचारू दे.

चारुदत्त


रास अल खैमा, ११ मार्च २००१

मामा,

शुद्धिपत्र मिळालं. नाव, आडनाव, गाव, सगळं बरोबर छापलंय. एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्याबद्दल छापलेली ही पहिली ओळ. तीत चूक काढायला जागा नाही. बनावट कार्ड माझं होतं, मान्य. मी वेळेवर कळवलं होतं ते शुद्धिपत्रात नाही. तेवढी जागा नसेल.

सव्वादोन वर्षं लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. तुमचं पुस्तक आलं तेव्हा मी आधी प्रस्तावना उघडली. 'आखातातील काही स्नेही.' नूरजहाँला मराठी वाचता येतं. तिने तीन वेळा वाचलं आणि विचारलं, यातली मी कुठची आणि तू कुठची? मला तुमची कीव आली मामा. आधी राग येई, मग भीती वाटे. आता नुसती कीव येते. एवढा विद्वान माणूस, आणि हातात आलेला पुठ्ठा उलटून पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत, कारण तो माझ्याकडून आला होता. मी खोटं रचू शकेन इतकीसुद्धा माझी किंमत तुम्हाला करता आली नाही. ज्याला माणसाची पारख नाही त्याने शब्दाची कसली करायची?

पत्ता छापलात ते फार बरं झालं. गेल्या गुरुवारी मुंबईच्या त्या प्राध्यापिकाबाईंचं पत्र आलं. मी घाबरत उघडलं. त्यांनी लिहिलंय, 'शुद्धिपत्र वाचलं. एक कार्ड बनावट होतं हे लेखकाने सांगितलं. पण ते ज्यांनी पाठवलं त्यांनी दुसरी कार्डं पाठवली होती का? सर्बियन स्टेशनाची, पोलिश नटीची, टर्किश न्हाव्याची नोंद कुणाची? पुस्तकात कुठेही सांगितलेलं नाही, आणि पुस्तकातलं उत्तम ते तेवढंच आहे.'

प्रत्येक कार्डाची नक्कल मी ठेवली आहे, नाव, गाव, तारीख आणि खाली माझी सही, तुमच्याच नियमाप्रमाणे. नूरजहाँने प्रत्येकावर तेव्हाच लाँड्रीच्या पावतीचा नंबर घातला होता. दोन दिवस आम्ही दोघी काउंटरवर बसून ती लावत होतो. वलीभाई गिऱ्हाइकांना सांगत होते, आज शर्ट उशिरा मिळतील, इन्शाल्ला. एकशे त्र्याऐंशी भरली. अल्बानियनचं वेगळं काढलं आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं की हे मी रचलं, कुणी वापरू नये. पहिल्या पानावर जमवणाऱ्यांची नावं घातली आहेत, माझं आणि नूरजहाँचं.

गठ्ठा काल मुंबईला रवाना केला.

मैथिली विजयकुमार उपळेकर